शहर पानाचं डेस्क की हातात बूम: कोल्हापुरात पहिला अनुभव कुठे घ्यावा?

कोल्हापुरात पत्रकारिता शिकणाऱ्याला सुट्टीत बसून राहायला कारण नाही. पुढारी इथलाच, सकाळ, लोकमत, तरुण भारत यांच्या इथे आवृत्त्या आहेत, आणि स्थानिक यूट्यूब चॅनेल तर पेठेपेठेत निघालीत. प्रश्न उरतो तो दीड-दोन महिने कुठे घालवायचे याचा: दैनिकात, जिथे बातम्या तपासून पान लावतात त्या डेस्कवर, की चॅनेलचा बूम, म्हणजे लोगोचा माइक, हातात घेऊन. मानधन दोन्हीकडे बहुतेकदा शून्य किंवा त्याच्या आसपास, तेव्हा पैशाचा मुद्दा बाजूला ठेवू.

चॅनेलची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. पहिल्याच आठवड्यात बाहेर पाठवतात. महापालिकेसमोरचं आंदोलन, दसरा चौकातली सभा, बिंदू चौकातली निदर्शनं. तिथे लवकर कळतं की चित्रापेक्षा आवाज जास्त दगा देतो. पंचगंगा घाटावर वारा सुटलेला असताना कॉलरला लावायचा लेपल माइक उघडा ठेवला की बाइट, म्हणजे बोलणाऱ्याचं रेकॉर्ड केलेलं म्हणणं, वाया गेलीच. माइकवर केसाळ कव्हर हवं आणि सुरुवातीचे पाच सेकंद हेडफोन लावून ऐकायची सवय हवी. बोलणाऱ्याला आधी कॅमेऱ्यासमोरच नाव आणि पद सांगायला लावायचं, म्हणजे पडद्यावर खाली येणाऱ्या नावाच्या पट्टीत आडनाव चुकत नाही. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धरायचा; आधी लांबचा, मग मधला, मग जवळचा. एवढं सगळं दैनिकात वर्षभरातही हाताखालून जाईल असं नाही. ज्याचं टीव्हीत जायचं पक्कं आहे, त्याला उत्तर कदाचित इथेच मिळालं असेल.

दैनिकातली सुरुवात त्यामानाने रटाळ. पहिले काही दिवस नुसत्या प्रेसनोटा. एखाद्या मंडळाच्या दीड पानी पत्रकातून ७० शब्दांची सिंगल कॉलम काढायची: सत्कारमूर्तींची यादी गाळायची, कार्यक्रम कधी, कुठे आणि वाचणाऱ्याला त्याचा उपयोग काय एवढंच ठेवायचं. बायलाइन, म्हणजे बातमीवर तुमचं नाव, नाही. तालुक्यांची पानं आधी सुटतात, म्हणजे छपाईला जातात, शहराचं शेवटी. पण रात्री आठनंतर शिकाऊ मुलाच्या कॉपीकडे, म्हणजे लिहून दिलेल्या बातमीकडे, बघायला डेस्कवर कुणाला सवड नसते, म्हणून ती सहाच्या आत पडलेली बरी. उशीर झाला की केएमटीची बस मिळत नाही आणि वसतिगृहाचं दार बंद होतं. ही अडचण खरी आहे. पहिल्याच दिवशी मुख्य बातमीदारांशी बोलून सुटायची वेळ ठरवून घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

तरीही मी दैनिक निवडलं, ते एका कटकटीमुळे: डेस्कवर कुणीतरी तुमची कॉपी वाचून प्रश्न विचारतं. चॅनेलवर तुमची बातमी बाहेर पडण्याआधी सहसा दुसरं कुणी वाचत नाही.

पावसाळ्यातली इथली रोजची बातमी घ्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि नोंद येते फूट-इंचांत. ४२ फूट ११ इंच हे घाईत ‘४२.११ फूट’ असं लिहिलं जातं. दशांशात ते ४२ फूट आणि जेमतेम सव्वा इंच होतं. म्हणजे धोका पातळीला एक इंच उरलेला असताना जवळपास दहा इंच पाणी कागदावरच ओसरलं. सुतारवाड्यातलं कुटुंब सामान हलवायचं की नाही हे असल्याच आकड्यावर ठरवतं. राधानगरी धरणाचंही तसंच. एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग होतो; क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी याचा हिशेब, साठा मोजायचा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. दोन दरवाजे उघडले की नवख्याच्या कॉपीत ‘२८५६ टीएमसी पाणी सोडले’ असं येऊ शकतं, आणि अख्खं धरण भरलं तरी साठा साडेआठ टीएमसीला पोचत नाही.

डेस्कवरचा बरा उपसंपादक इथे तीन प्रश्न विचारतो. हे इंच की दशांश? नोंद किती वाजताची? सांगितलं कुणी? चिडचिड होते, पण चौथ्या दिवसापासून हे प्रश्न तुम्ही बंधाऱ्यावरच स्वतःला विचारू लागता. चॅनेलवर फाइल थेट चढते. वर थंबनेल दुसराच कुणी बनवतो, त्यावर ‘कोल्हापूर बुडणार?’ आणि खाली तुमचा चेहरा. चूक लक्षात आली तर शीर्षक गुपचूप बदलतं, तुम्हाला कुणी सांगतही नाही. पाटबंधारे कार्यालयातला माणूस मात्र दुसऱ्या दिवशी तुमचाच फोन उचलत नाही. दैनिकातले मथळेही डेस्कच देतं आणि ते नेहमी संयमी असतात असं नाही. पण पान सुटेपर्यंत पान लावणाऱ्याच्या मागे उभं राहून ‘हे असं नाही’ म्हणता येतं.

गुन्ह्याच्या बातमीत हीच फट जास्त महागात पडते. फिर्याद म्हणजे आरोप. दोष सिद्ध होईपर्यंत ‘संशयित’ लिहायचं, ‘चोरट्याने कबूल केले’ असं नव्हे. बालकांवरील लैंगिक अत्याचारात पॉक्सो कायद्याचं कलम २३ आणि बलात्काराच्या गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ पीडितेची ओळख उघड करू देत नाही. ओळख म्हणजे फक्त नाव नाही. गावाचं नाव आणि संशयिताशी असलेलं नातं एकत्र छापलं तरी गल्लीला सगळं कळतं. व्हिडिओत तर चेहरा पुसट करूनही शाळेचा गणवेश, घराचं दार, आईचा आवाज राहून जातो. एकट्याने एडिट करताना रात्री अकरा वाजता हे सगळं आठवेलच याची खात्री कोण देणार?

वागणुकीचे नियम दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे थोडक्यात. विभागाचं पत्र आणि कार्यालयाचं पत्र, दोन्ही जवळ ठेवा. पोलीस ठाण्यात ‘पत्रकार’ नव्हे, ‘प्रशिक्षणार्थी’ अशी ओळख द्या. ठाणे अंमलदार उलट जास्त मोकळेपणाने बोलतात. सीपीआर रुग्णालयाच्या वॉर्डात परवानगीशिवाय मोबाइल काढू नका. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. तिथे सुनावणीतली टिप्पणी आणि लेखी आदेश यांतला फरक कळेपर्यंत ज्येष्ठाच्या मागेच बसा, आणि कोर्टात रेकॉर्डिंग करू नका. पत्रकार परिषदेतला चहा घ्या, पाकीट परत करा, आणि परत केल्याचं त्याच दिवशी वरिष्ठांच्या कानावर घाला. दुचाकीवर ‘प्रेस’ चिकटवायची घाई कशाला, हे मला आजवर उमगलेलं नाही.

दैनिकात गेलात तर एक करा: दिलेली कॉपी आणि छापून आलेली बातमी एकाच वहीत शेजारी-शेजारी चिकटवा. काय कापलं, काय बदललं, हे त्यात दिसतं. चॅनेलवर अशी वही भरत नाही, कारण बदलणारंच कुणी नसतं.

अर्थात सगळी चॅनेल एका माळेची नाहीत. काही ठिकाणी दैनिकात वीस-वीस वर्षं काढलेली माणसं बसलेली असतात, आणि काही दैनिकांत शिकाऊ मुलाला महिनाभर जाहिरातींचा मजकूर टाइप करायला बसवतात. म्हणून दोन्हीकडे भेटायला जाताना एकच विचारा: माझी कॉपी बाहेर जाण्याआधी कोण वाचणार? माणसाचं नाव सांगितलं तर त्याच दिवशी त्याला भेटून या. ‘आपण सगळे मिळून बघतो’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या कार्यालयाची पायरी चढा.