वाफेने स्टिकर सुटला आणि मग सगळंच सुटलं

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. काल तिसऱ्या मैत्रिणीने "बाथरूमचं काम काढतोय, तुझ्या त्या माणसाचा नंबर दे ना" म्हणून विचारलं तेव्हा ठरवलं की त्या माणसाने आरशाच्या लाईटमध्ये मला कशी टोपी घातली ते आता लिहूनच टाकायचं, कारण प्रत्येकीला फोनवर पहिल्यापासून सांगायचं म्हणजे अर्धा तास जातो आणि माझं बीपी वाढतं ते वेगळंच.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, रिसेलचा टू बीएचके, बिल्डिंग जुनी. बाथरूम पाच बाय सात, खिडकी म्हणजे वर काचेच्या चार पट्ट्या. बेसिनवर जुना आरसा होता आणि त्याच्या डोक्यावर आडवी दोन फुटी ट्यूबलाईट, कव्हर पिवळं पडलेलं, माश्या अडकलेल्या. मला ती ट्यूब बघवत नव्हती. टाईल्स, बेसिन, नळ, लाईट असं सगळंच बदलायचं ठरलं आणि ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर आला. बोलायला एकदम गोड, दर वाक्याला ताई. आईने चहा दिला तर कप स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवला त्याने. आई तिथेच पाघळली.

पूर्ण कामाचा हिशोब इथे सांगत नाही, टाईल्सचं काम बरं केलंय, उगाच खोटं कशाला बोलू. मी फक्त आरशाच्या लाईटचं सांगते, कारण खरी टोपी तिथे घातली. कोटेशनमध्ये होतं, मिरर लाईट 2 नग, 4,200 प्रत्येकी, म्हणजे 8,400. आणि इलेक्ट्रिक पॉईंट, म्हणजे दिव्यासाठी किंवा सॉकेटसाठी वायर आणून द्यायच्या जागा, 6, 950 प्रमाणे 5,700. एकूण 14,100, आणि त्यातले दहा हजार आधीच, कारण "माल उचलायचाय ताई".

मला तो एका दुकानात घेऊन गेला होता आधी. तिथे आरशाच्या दोन्ही बाजूंना दोन उभे दिवे लावलेले, मी समोर उभी राहिले आणि चेहरा असा दिसला की जणू आत्ताच पार्लरमधून आलेय. झालं, मी हो म्हटलं. तेव्हा डोक्यात आलंच नाही की दुकानाच्या भिंती पांढऱ्या आहेत आणि सीलिंगला दहा-बारा पॅनल चालू आहेत, उजेड त्यांचा आहे. ते सगळं बंद करून फक्त हे दोनच दाखवा, एवढं एक वाक्य मी बोलले असते ना तर बरंच वाचलं असतं.

मग व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग आलं. छान रंगीत, मधे आरसा, दोन्हीकडे दिवे, खाली बेसिनवर कुंडी पण काढलेली. मी अंगठा पाठवला. त्या ड्रॉइंगमध्ये दिवे जमिनीपासून किती उंचीवर, एकमेकांपासून किती अंतरावर, कुठल्या मॉडेलचे, एकही आकडा नव्हता. कुंडी होती, आकडे नव्हते.

काम चालू असताना मी ऑफिसात. एक दिवस पाऊण वाजता मीटिंगमध्ये असताना मेसेज, "ताई साईडला वायरसाठी झिरी मारली तर टाईल तडकते, दोन्ही लाईट वर घेऊ का, लूक सेम येतो." टाईल लावून झाल्यावर झिरी मारायची गोष्टच का निघाली, वायरिंग आधी करायचं असतं, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. मी मीटिंगमध्ये "ओके" टाईप केलं आणि फोन उलटा ठेवला. पुढे भांडण झालं तेव्हा दर वेळी तो याच "ओके"चा स्क्रीनशॉट पाठवायचा.

तर झालं असं की दोन्ही दिवे आरशाच्या वर, सहा फूट दहा इंचावर, एकमेकांपासून जेमतेम वीतभर अंतरावर, तोंड खाली. टाईल्स आम्ही मॅट ग्रे घेतलेल्या, त्या सगळा उजेड गिळतात. पहिल्याच सकाळी बाबा दाढी करून बाहेर आले आणि हनुवटीखाली एक पट्टा तसाच राहिलेला. म्हणाले, "अगं, गळा दिसतच नाही त्या आरशात." मी जाऊन बघितलं तर केसांवर झगझगीत उजेड, डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावली, रंग निळसर पांढरा. भुताच्या सिनेमात हनुवटीखाली टॉर्च धरतात ना, त्याच्या बरोब्बर उलटं. आईने कुंकू लावून बघितलं तर लाल कुंकू चॉकलेटी दिसत होतं. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणे नवीन लाईटची सवय व्हायला वेळ लागतो ताई.

सवय झाली नसती पण गप्प बसलो असतो कदाचित, आपण बसतोच. पण तीन आठवड्यांनी गरम पाण्याच्या वाफेने एका दिव्याच्या बाजूचा चंदेरी स्टिकर कडेने सुटला, चिप्ससारखा वळला. स्टिकरवर छापलेलं, आयपी 44 (धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा), 4000 के (उजेडाचा रंग, आकडा जितका मोठा तितका निळसर), सीआरआय 90 (रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी मार्क). मी नखाने हलकेच ओढला तर अख्खा हातात आला, आणि खाली बॉडीवर बारीक अक्षरात छापलेलं, आयपी 20, 6500 के. दुसऱ्या दिव्याचा ओढला, खाली तेच. मी स्टुलावर उभी, ओल्या केसांनी, दोन स्टिकर दोन बोटांना चिकटलेले, आणि खरं सांगते, राग यायच्या आधी मला हसूच आलं.

त्याच आठवड्यात बाबांनी ओल्या फडक्याने दिवा पुसला आणि हाताला मुंग्या आल्या. मग मात्र हसू गेलं. दिवे बंद ठेवले, बाथरूममध्ये इमर्जन्सी लॅम्प ठेवून आंघोळी चालू.

शनिवारी एक दिवा काढून पिशवीत घालून तापकीर गल्लीत गेले. पुण्यातल्यांना सांगायला नको, बुधवार पेठेतली इलेक्ट्रिकच्या दुकानांची गल्ली. दोन दुकानांत हाच दिवा 650 ला मिळत होता, एकाने तर "दोन घेतले तर बाराशे" म्हणून सांगितलं. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर काका होते, त्यांनी स्क्रू काढून आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारं सर्किट, दाखवला. त्यावर ना कंपनीचं नाव ना बीआयएसचा, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, आर नंबर. एलईडीच्या मालावर बीआयएसची खूण आणि त्याखाली आर ने सुरू होणारा नंबर लागतो, आणि तो नंबर बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते लगेच कळतं. मला हे चाळिशीत कळलं.

आयपी म्हणजे काय ते पण काकांनीच समजावलं. दोन आकडे असतात, पहिला धूळ-किड्यांसाठी, दुसरा पाण्यासाठी. 44 म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी चालतं. 20 मधला शून्य म्हणजे पाण्यासाठी काहीच सोय नाही, तो हॉलमध्ये लावायचा दिवा. मी म्हटलं काका, मुंग्या कशाने आल्या मग, तर घरी त्यांच्या ओळखीचा वायरमन पाठवला. त्याने भिंतीतून वायर ओढली तर हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, कापून टेप गुंडाळून आत कोंबलेली. दिव्याची बॉडी पत्र्याची, आत ओल गेलेली, अर्थ नाही. आमच्या डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या बॉक्समध्ये, फक्त एमसीबी होते, ते जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं की पडतात, आणि एवढ्याशा लीकेजला एमसीबी पडत नाही, त्याला 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की वीज तोडणारा स्विच, लागतो. तो बसवून घेतला त्याच दिवशी.

आणि त्या सहा पॉईंटची गंमत ऐका. दोन दिवे एकाच स्विचवर, आणि शेव्हरसाठी एक सॉकेट. वायरमन म्हणाला एक लाईट पॉईंट, एक लूपिंग, म्हणजे पहिल्या दिव्यावरून दुसऱ्याला नेलेली वायर, ते पण कमी रेटने, आणि एक सॉकेट, स्विच त्या त्या पॉईंटमध्येच धरलेला असतो. आमच्या कॉन्ट्रॅक्टर साहेबांनी मोजले दिवे दोन, दिव्यांचा स्विच तिसरा, सॉकेट चौथा, सॉकेटचा स्विच पाचवा, आणि सहावा "ड्रायव्हर पॉईंट". ड्रायव्हर दिव्याच्या पोटात असतो हो. त्याचा कसला पॉईंट.

दिवे कुठे हवेत ते आता मला पाठ झालंय. उजेड चेहऱ्यावर पडायला हवा, आरशावर नाही आणि डोक्यावर तर नाहीच. म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून साधारण 60 ते 66 इंच, आणि दोघांमध्ये 36 ते 40 इंच. घरात कोणी पाच फुटी आणि कोणी सहा फुटी असेल तर गोल दिवा घेऊ नका, दीड-दोन फुटी उभी पट्टी घ्या म्हणजे सगळ्यांचे चेहरे त्यात येतात. बाजूला जागाच नसेल तर आरशाच्या वर एकच आडवा लांब दिवा, आरशाच्या रुंदीच्या पाऊणपट तरी, 75 ते 80 इंचावर. हे ऐकलं तेव्हा मला ती माश्या अडकलेली जुनी ट्यूब आठवली. ती बिचारी बरोब्बर जागेवर होती! आणि ती भंगारात गेली तेव्हा कॉन्ट्रॅक्टरला काढायचे पन्नास रुपये पण मीच दिलेत. हल्ली तो मागून उजळणारा आरसा सगळीकडे दाखवतात, त्यातला बराच उजेड मागच्या भिंतीवर पडतो, दिसतो भारी, पण दाढीला आणि काजळाला समोरून उजेड किती येतो ते बघूनच घ्या.

आता पैशांचं. मी दोन्ही स्टिकरचे, आतल्या छापाचे आणि कापलेल्या वायरचे फोटो पाठवले. पहिलं उत्तर, सप्लायरने मला पण फसवलं ताई. मग सप्लायरचं बिल द्या म्हटलं तर दोन दिवस गप्प. मग तो "ओके"चा स्क्रीनशॉट. मी म्हटलं ओके जागेला दिलंय, खोट्या स्टिकरला नाही. मग पाच हजार गूगल पेवर आले आणि खाली लिहिलेलं "फुल अँड फायनल", आणि नंबर ब्लॉक. मी नवऱ्याच्या फोनवरून लगेच लिहून पाठवलं की हे फुल अँड फायनल मला मान्य नाही. 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण माझी बाजू लंगडी कुठे पडली तर बिलात. जीएसटी वाचेल म्हणून कच्च्या कागदावर काम, दहातले सहा हजार कॅश. एलईडीवर 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 8,400 वर दीड हजार "वाचवले" मी, आणि त्या नादात पुरावा घालवला. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे कागद जमवतेय. चॅट, गूगल पेचे चार हजार, कोटेशनचा फोटो, वायरमनने लेटरहेडवर लिहून दिलेलं, आणि ते दोन स्टिकर, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

कोणी काम काढत असाल तर कोटेशनमध्ये कंपनी, मॉडेल नंबर, आयपी, के, सीआरआय आणि जमिनीपासूनची उंची लिहून घ्या, आणि टाईल लागायच्या आधी भिंतीवर पेन्सिलने खुणा करून स्वतः समोर उभं राहून बघा. खोके उघडताना तुम्ही हजर राहा, खोकी फेकू नका. भिंत बंद व्हायच्या आधी वायरचे फोटो काढा, हिरवी दिसतेय ना बघा. आणि मीटिंगमध्ये ओके टाईप करू नका.

काकांकडून दोन उभे दिवे घेतले, पक्क्या बिलावर, दोन्हीचे मिळून 3,900. वायरमनने चार टाईल्सच्या सांध्यातून अलगद वायर काढली, एकही तडकली नाही. वरची दोन भोकं मात्र राहिली, त्यांच्यावर पांढऱ्या ब्लँक प्लेट मारल्यात. बाबा अजून सवयीने दाढी हॉलच्या खिडकीपाशीच करतात, हातात छोटा आरसा घेऊन.