कोंडून घ्यायचं की निसटायचं? एका कुटुंबाची दोन घरं, दोन बेत

रात्री घरात कुणी शिरलं तर काय करायचं, याची आमच्याकडे दोन उत्तरं आहेत, कारण घरं दोन आहेत. आम्ही चौघं पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आई-अण्णा जुन्नर तालुक्यात, मळ्यातल्या घरात. एकच बेत दोन्हीकडे चालवायचा आमचा प्रयत्न पहिल्याच तालमीत फसला.

मुळात पर्याय दोन. सगळ्यांनी एका खोलीत जमून आतून कडी लावायची आणि फोन करायचा, नाहीतर दुसऱ्या दाराने निसटून शेजाऱ्याचं घर गाठायचं. काठी घेऊन धावून जाण्याचा तिसरा पर्याय घरातल्या पुरुषांना सगळ्यात आधी सुचतो. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, आणि रात्रीच्या घरफोडीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ ने तो बराच लांबपर्यंत नेलाय. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अट तिथेही आहेच. आणि पाच किंवा जास्त जण मिळून आले की कायदा त्याला दरोडा म्हणतो. त्या पाचांसमोर लुंगीतले अण्णा एकटे. काठीचा विषय मी तिथेच संपवला.

आधी फ्लॅट. इथे निसटायला जागाच नाही. दार एक, आणि चोर येणार तो त्याच दारातून. खिडक्यांना, बाल्कनीला ग्रिल आपणच हौसेने बसवून घेतलेली. म्हणजे कोंडून घेणं आलं. पण कोणत्या खोलीत? आम्ही आधी आमची बेडरूम ठरवली होती. म्हणजे दोन मुलांनी झोपेतून उठून, अंधारात हॉल ओलांडून आमच्याकडे यायचं, तेही चोराच्या समोरून! आता आम्ही दोघं मुलांच्या खोलीत जातो.

त्या खोलीचं दार एकदा नीट पाहा. बिल्डरने दिलेलं आमचं दार आतून पोकळ होतं, वर बोटाएवढा टॉवर बोल्ट आणि चौकटीत जेमतेम घुसलेले चार स्क्रू. सुताराने ते नुसत्या खांद्याने हलवून दाखवलं. मग भरीव फ्लश डोअर, आतून जाड आल्ड्रॉप आणि चौकटीत खोल जाणारे लांब स्क्रू घातले. कॅमेऱ्यावर करायचा खर्च आधी या दारावर करा, असं माझं स्पष्ट मत. कॅमेरा काय झालं ते दाखवतो, दार ते होऊ देत नाही.

आत चार्जरला लावलेला जुना पण चालू मोबाइल, बॅटरी, शिट्टी आणि मुख्य दाराची जादा किल्ली असते. किल्लीला लाल फीत बांधलीय, खाली पोलीस आले की खिडकीतून टाकायला. दाराच्या मागे मोठ्या मुलाच्या अक्षरात पूर्ण पत्ता चिकटवलाय: विंग, मजला, कोणत्या गेटने यायचं. ११२ ला फोन लागला की नेमकं हेच विचारतात आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं हेच आठवत नाही.

फ्लॅटवाल्यांनी आणखी एक बघावं. चोर पुष्कळदा आधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावतात आणि मग एक घर फोडतात. तुमची हाक ऐकूनही समोरचे बाहेर येऊ शकत नाहीत. म्हणून मजल्यावरच्या सगळ्यांनी बाहेरच्या कड्या काढून नुसतं लॅच ठेवलंय, आणि वरच्या मजल्यावरच्या एकांचा नंबर त्या जुन्या मोबाइलमध्ये आहे.

मळ्यातल्या घराला तीन दारं: ओसरीचं, परसातलं आणि गोठ्याकडचं. कुणीही म्हणेल, इथे निसटावं. आम्हीही तेच म्हणालो. पण जवळचं घर उसापलीकडे. जुन्नरच्या उसात रात्री काय असतं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. आमचं राखणीचं कुत्रं दोनदा बिबट्यानेच नेलं. त्यात आईचे गुडघे. चोराला चुकवून बिबट्याच्या वाटेने जायचं, हे तिला काही पटेना, आणि बरोबरच होतं तिचं.

म्हणून तिथेही कोंडून घेणंच, पण कोठीच्या खोलीत. जाड भिंत, वितीएवढा झरोका, जुन्या दाराला लाकडी अडसर. मदतीची तऱ्हा मात्र वेगळी. पुणे, नगर, नाशिक भागातल्या बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे: ठरलेल्या नंबरवर बोललं की तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर एकदम वाजतो. पोलिसांची गाडी पोचेपर्यंत वस्तीवरची माणसं बॅटऱ्या घेऊन निघालेली असतात. तुमचं गाव त्यात आहे का आणि तुमचा नंबर नोंदलाय का, हे पोलीस पाटलांना आजच विचारा.

निसटणं चांगलं कुणासाठी? रो-हाऊस किंवा भावकीतलं घर वीस पावलांवर, मागचं दार वेगळ्या बाजूला, आणि घरात उचलून न्यावं लागेल असं कुणी नाही, त्यांच्यासाठी. तिथे बाहेर पडणं कोंडून घेण्यापेक्षा सरस. यातली एक जरी गोष्ट नसेल तर खोलीच धरा.

दागिन्यांचं थोडक्यात. मागितले तर देऊन टाकायचे, आणि द्यावे लागू नयेत म्हणून लॉकरमध्ये ठेवायचे. लॉकर फुटला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत, म्हणजे ३,००० भाडं असेल तर ३ लाख. सोनं त्याहून जास्त असेल तरी उशाजवळच्या कपाटापेक्षा ते तिथे बरं.

इशाऱ्याचा शब्द दोन्ही घरांत एकच: ‘दूध उतू गेलं’. रात्री दोनला कुणी दूध तापवत नाही, त्यामुळे घोळ होत नाही.

दिवाळीत मळ्यात तालीम केली. अण्णांनी अडसर लावला, आईने फोन हातात घेतला आणि म्हणाली, “अरे, चष्मा बाहेर राहिला.” आता तिचा जुना चष्मा कोठीत, ज्वारीच्या कणगीशेजारच्या खिळ्याला दोरीने टांगलेला असतो.