शेवगा की ॲस्परॅगस: कवळी लावणाऱ्या माणसाच्या ताटासाठी

साताऱ्यात आमच्या परसात शेवगा आहे. फाल्गुन-चैत्रात तो शेंगांनी असा लगडतो की गल्लीत वाटून उरतात. त्यामुळे पैसे मोजून ॲस्परॅगसची, म्हणजे कोवळ्या हिरव्या दांड्यांच्या भाजीची, जुडी आणावी, हा विचार माझ्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं. तरी गेली दोन वर्षं मिळेल तेव्हा मी ती आणतो आहे, ती वडिलांसाठी. कुणाच्या घरी असाच प्रश्न पडला असेल तर आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

नुसत्या पोषणाच्या आकड्यांवर निवडायचं म्हटलं तर शेवगा मागे हटत नाही. 100 ग्रॅम कच्च्या शेंगांत क जीवनसत्त्व साधारण 140 मिलिग्रॅम, ॲस्परॅगसमध्ये जेमतेम सहा. पोटॅशियमही शेंगेत दुपटीहून जास्त. शिजवताना क जीवनसत्त्व बरंच घटतं हे खरं, पण आमटीत उतरलेलं निदान पोटात तरी जातं. ॲस्परॅगसची ताकद फोलेटमध्ये, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वात आहे. शिजवलेल्या चार दांड्यांतून सुमारे 90 मायक्रोग्रॅम मिळतं, म्हणजे मोठ्या माणसाला रोज लागणाऱ्या 400 मायक्रोग्रॅमचा पाचवा हिस्सा चार घासांत. के जीवनसत्त्वही चांगलं असतं, आणि ते रक्त गोठायला मदत करतं. म्हणूनच रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन चालू असेल, तर ही भाजी एकदम वाढवू नये. डॉक्टरांना विचारून ठरावीक प्रमाणात खावी.

तंतूंचं गणित मात्र वेगळं आहे. कागदावर शेंगेत तीन ग्रॅमच्या वर आणि ॲस्परॅगसमध्ये दोन. पण शेंग चोखून चोथा आपण ताटाच्या कडेला ठेवतो. त्या तीन ग्रॅमांतले पोटात किती गेले? आमच्या घरी तरी फार जात नव्हते.

या चोथ्यापाशीच आमचं घोडं अडलं. आण्णांना सत्तरीनंतर कवळी लागली. शेंगांची आमटी हा त्यांचा जीव की प्राण, शेंगदाण्याचं कूट आणि कांदा-लसूण मसाला घातलेली. पण एक धागा कवळीखाली गेला की जेवण तिथंच थांबायचं. ते उठून मोरीवर जायचे, कवळी काढून धुवायचे आणि परत यायचे तोवर भाकरी गार. पाहुणे असले की शेंगेला हातच लावायचे नाहीत, "नको, आज भूक नाही" म्हणायचे. भूक असायची, मला दिसायची.

मग मी गर काढायला लागलो. शेंगा कुकरला दोन शिट्ट्या देऊन उभ्या चिरायच्या, चमच्यानं गर खरवडायचा, तो चाळणीवर घोळायचा आणि त्याचं पिठलं किंवा सार करायचं. चव छान होते, आजही सांगतो. पण चौघांपुरत्या गरासाठी पाऊण तास जातो आणि इतकं करूनही एखादा धागा चाळणीतून निसटतोच. वर्षभर हे केलं. ज्यांच्याकडे वेळ आणि बारीक चाळणी आहे त्यांनी जरूर करून बघावं. मला रोजच्या धावपळीत ते झेपेना.

ॲस्परॅगसची पहिली जुडी पाचगणीहून खाली येताना रस्त्याकडेला मिळाली. आण्णा म्हणाले, "ह्ये काय, देठंच आणलीस व्हय?" धागा यातही असतो, पण तो कुठं असतो हे कळतं. दांडी दोन्ही हातांत धरून वाकवली की जिथं कोवळेपणा सुरू होतो तिथंच साधारण ती कट्कन मोडते. खालचा जून भाग मी सारासाठी उकळून गाळून घेतो. जाड दांडी असेल तर शेंड्याखालून सोलाण्यानं एक पातळ साल काढायची, की चोथ्याचा प्रश्न मिटला.

आण्णांसाठी मी उकळत्या मीठ-पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून काढतो, बारीक चकत्या करतो आणि भिजवलेल्या मूगडाळीबरोबर फरसबीसारखी परततो. फोडणीला जिरं, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. आमच्यासाठी सरळ लोखंडी तवा: चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं. लिंबू ताटात वाढल्यावरच पिळावं, आधी पिळलं तर हिरवा रंग मळकट होतो. कांदा-लसूण मसाला मी एकदा घालून बघितला. त्यात या भाजीची स्वतःची चव पार बुडून गेली.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळानं लघवीला उग्र वास येतो. यातल्या ॲस्परॅगसिक आम्लापासून तयार होणाऱ्या गंधकाच्या संयुगांचा तो वास, अपाय काही नाही. आण्णा मात्र पहिल्या दिवशी मूत्रपिंड बिघडलं म्हणून गप्प गप्प बसून होते. दुसरं, ही भाजी म्हणजे आपली शतावरी नव्हे. नातं जवळचं आहे, पण शतावरी कल्पात वापरतात ती वेगळ्या जातीची मुळी आणि आपण खातो तो ॲस्परॅगसचा कोंब. बाळंतिणीला कल्पाऐवजी ही भाजी देऊन तोच गुण मिळेल असं धरून चालू नये.

पैशाचं म्हणाल तर एका जुडीच्या किमतीत बाजारातून आठवडाभराच्या शेंगा येतील. शिवाय ती टिकत नाही. मी देठं दोन बोटं पाण्यात उभी करून, शेंड्यांवर ओलं फडकं टाकून फ्रिजमध्ये ठेवतो, तरी तीन-चार दिवसांत संपवलेली बरी. घेताना शेंडे घट्ट मिटलेले बघावेत. ओलसर, बुळबुळीत शेंड्याची जुडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

घरात सगळ्यांचे दात धड असतील आणि दारात झाड असेल, तर शेवगाच खा, मी अडवणार नाही. आमच्याकडे मात्र ॲस्परॅगसच्या दिवशी आण्णा जेवताना मधेच उठत नाहीत, पाहुणे असले तरी. झाड अर्थात ठेवलं आहे. त्याच्या फुलांची भाजी आण्णांना अजून चालते, तिला चोथा नसतो.