टॅबपट्टीचा फॉन्ट: नेटिव्ह पट्टीवर बदलावा की पट्टीच स्वतः रेखाटावी?

मोबाइल अ‍ॅपच्या तळाशी असलेल्या टॅबपट्टीला आपला फॉन्ट द्यायचे दोन मार्ग आहेत. आयओएस किंवा अँड्रॉइडची नेटिव्ह (यंत्रणेसोबत येणारी) पट्टी तशीच ठेवून तिच्या शैलीत फॉन्टचे नाव सांगायचे, हा पहिला. दुसऱ्यात फ्लटर (एकाच कोडमधून दोन्ही यंत्रणांची अ‍ॅप बनवणारे फ्रेमवर्क) किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या तशाच फ्रेमवर्कसाठीच्या रिअ‍ॅक्ट नेव्हिगेशनची नेहमीची पट्टी असते. ती फ्रेमवर्कने स्वतः रेखाटलेली असल्याने तिच्यावरचे लेबल हा पडद्यावरच्या इतर मजकुरासारखाच मजकूर असतो. लेबले इंग्रजी असतील तर कोणताही मार्ग चालतो. मराठी लेबलांना मात्र वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार-जोडाक्षरे अशी दोन्हीकडे जागा लागते. म्हणून ओळीची उंची आणि पट्टीची उंची कोणाच्या हातात आहे, यावर निवड ठरते.

आधी फॉन्ट तपासा

रोबोटो आणि इंटर या लोकप्रिय फॉन्टांत देवनागरी अक्षरेच नाहीत. असा फॉन्ट दिला की इंग्रजी लेबल बदलते, पण मराठी लेबल गुपचूप यंत्रणेच्या फॉन्टवर जाते. आयफोनवर ते कोहिनूर देवनागरीत दिसते आणि बहुतेक अँड्रॉइड फोनवर नोटो सॅन्स देवनागरीत. ‘फॉन्ट लागतच नाही’ म्हणून कोडमध्ये तासन्‌तास चूक शोधली जाते आणि दोष फाइलमध्ये असतो. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, बालू २ यांत देवनागरी आणि लॅटिन दोन्ही आहेत. शिवाय ते मुक्त परवान्यावर असल्याने अ‍ॅपमध्ये सोबत देता येतात. टॅबसाठी रेग्युलर आणि मीडियम किंवा सेमीबोल्ड ही दोन वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) पुरतात.

फॉन्ट अ‍ॅप चालू झाल्यावर नेटवरून उतरवण्याची सोय अँड्रॉइडवर आहे, पण टॅबसाठी ती टाळा. पट्टी पहिल्याच क्षणी दिसते. फॉन्ट उशिरा आला की लेबलांची रुंदी डोळ्यांदेखत बदलते.

नेटिव्ह पट्टी

आयओएसवर फॉन्टची फाइल अ‍ॅपच्या टार्गेटमध्ये घाला आणि इन्फो प्लिस्ट या अ‍ॅपच्या माहिती-फाइलमधल्या ‘यूआयअ‍ॅपफॉन्ट्स’ यादीत तिचे नाव एक्स्टेन्शनसह लिहा. कोडमध्ये मात्र फाइलचे नव्हे, फॉन्टचे पोस्टस्क्रिप्ट नाव (फॉन्टच्या आत नोंदवलेले नाव) लागते. ते मॅकच्या फॉन्ट बुकमध्ये दिसते. नाव चुकले तर फॉन्टऐवजी रिकामे मूल्य मिळते, आणि ते जबरदस्तीने उघडणारा कोड असेल तर अ‍ॅप तिथेच बंद पडते.

शैली ‘यूआयटॅबबारअपिअरन्स’मधून द्यायची (आयओएस १३ पासून). साधी स्थिती आणि निवडलेली स्थिती यांना फॉन्ट वेगवेगळा द्यावा लागतो. स्टॅक्ड (चिन्हाखाली लेबल), इनलाइन (चिन्हाशेजारी लेबल) आणि कॉम्पॅक्ट इनलाइन (तेच, आखूड पट्टीत) या तीन मांडण्याही स्वतंत्र आहेत. फक्त पहिली भरली तर फोन आडवा केल्यावर जुना फॉन्ट परत येतो. आयओएस १५ पासून हीच शैली ‘स्क्रोल एज अपिअरन्स’लाही द्या, नाहीतर यादी तळाला पोचताच पट्टीचे रूप बदलते. स्विफ्टयूआय या अ‍ॅपलच्या नव्या यूआय-फ्रेमवर्कमध्ये टॅब आयटमवर लावलेला फॉन्ट मॉडिफायर दुर्लक्षिला जातो, त्यामुळे तिथेही याच मार्गाने जावे लागते.

एवढे करूनही जागा तुमची होत नाही. आयफोनची पारंपरिक पट्टी ४९ पॉइंट उंच असते आणि लेबल १० पॉइंटचे. १२ पॉइंटपर्यंत वाढवलेले ‘मुख्यपृष्ठ’ चिन्हाला भिडते. फार तर लेबल थोडे वर-खाली सरकवता येते.

अँड्रॉइडची नेटिव्ह पट्टी देवनागरीला जास्त मानवते. मटेरियल ३ या गूगलच्या डिझाइनसंचात ती ८० डीपी उंच आणि लेबल १२ एसपी असते (ही अँड्रॉइडची मापे; एसपी हे मजकुराचे). फाइल ‘रेस’मधल्या ‘फॉन्ट’ फोल्डरमध्ये ठेवा. नावात फक्त लहान लिपीची अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर चालतात. हायफन किंवा कॅपिटल अक्षर आले की बिल्ड अडते. मग ‘आयटम टेक्स्ट अपिअरन्स अ‍ॅक्टिव्ह’ आणि ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ अशा दोन शैली द्या. दोन्हींचा आकार सारखाच ठेवा, नाहीतर टॅब बदलताना लेबल फुगते-आकसते. नव्या मटेरियल आवृत्त्यांत निवडलेले लेबल आपोआप ठळक होते. तुम्ही आधीच सेमीबोल्ड दिला असेल तर त्यावर आणखी कृत्रिम ठळकपणा चढतो आणि ‘ष्ठ’सारखी जोडाक्षरे बुजतात. ‘अ‍ॅक्टिव्ह बोल्ड एनेबल्ड’ हा गुणधर्म बंद केला की प्रश्न सुटतो. कम्पोझ या अँड्रॉइडच्या नव्या यूआय-संचात यातले बहुतेक काही करावे लागत नाही, कारण लेबल म्हणून तुमचाच टेक्स्ट जातो.

रेखाटलेली पट्टी

रिअ‍ॅक्ट नेव्हिगेशनच्या सहाव्या आवृत्तीपासून फॉन्ट ‘स्क्रीन ऑप्शन्स’मधल्या ‘टॅबबार लेबल स्टाइल’मध्ये जातो. जुन्या लेखांत दिसणारे ‘टॅबबार ऑप्शन्स’ आता चालत नाही. सातव्या आवृत्तीत थीममध्येच रेग्युलर, मीडियम, बोल्ड, हेवी असा फॉन्टसंच असतो. स्वतःची थीम लिहिताना तो वगळला तर अ‍ॅप चालू होतानाच त्रुटी येते.

इथली मोठी अडचण वजनाची आहे. ॲसेट्समध्ये नुसत्या ठेवलेल्या फाइलचे ५०० किंवा ६०० वजन अँड्रॉइडला आपोआप सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक वजनाची फाइल वेगळ्या नावाने वापरा आणि शैलीत वजन ‘नॉर्मल’ ठेवा. आयओएस पोस्टस्क्रिप्ट नाव पाहते, अँड्रॉइड फाइलचे. म्हणून फाइलचेच नाव पोस्टस्क्रिप्ट नावासारखे ठेवले की एकच कोड दोन्हीकडे चालतो.

फ्लटरमध्ये फॉन्ट ‘पबस्पेक’ या प्रकल्पाच्या सेटिंग-फाइलमध्ये वजनांसह नोंदवायचा. इंडेंटेशन चुकले तर नोंद वाया जाते. नॅव्हिगेशन बारच्या थीममधली लेबलशैली मूळ शैलीची जागा घेते, त्यामुळे फक्त फॉन्टचे नाव देऊन थांबू नका. आकार आणि रंगही लिहा.

या मार्गाचा खरा लाभ ओळीच्या उंचीत आहे. आकाराच्या सुमारे दीडपट उंची द्या: ११ ला १७, १२ ला १८. इंग्रजीसाठी पुरणारी १२–१४ ची उंची ठेवली तर ‘नोंदी’चा अनुस्वार किंवा ‘सर्व्हे’चा रफार वरून कापला जातो. त्या प्रमाणात पट्टीही उंच करा, पण खालची सुरक्षित जागा (पडद्याच्या तळाशी यंत्रणेसाठी सोडलेली) त्यात वेगळी मिळवा. अक्षरांतर शून्य करा. मटेरियलच्या मूळ शैलीतले ०.५ चे अंतर लॅटिनसाठी आहे, देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटक दिसू शकते.

किंमत मोजावी लागते ती सुलभतेत. नेटिव्ह आयओएस पट्टीवर मोठा मजकूर वापरणाऱ्याने टॅब दाबून धरला की त्याचे मोठे रूप पडद्यावर येते. रेखाटलेल्या पट्टीत तसे आपोआप होईलच असे नाही, आणि मजकूर वाढला की लेबल फुटू शकते. फ्लटर स्वतःच्या नॅव्हिगेशन बारमधली वाढ १.३ पटीवर थांबवते. रिअ‍ॅक्ट नेव्हिगेशनमध्ये वाढ पूर्ण बंद करण्याचा पर्याय आहे, पण तो घेऊ नये. त्यापेक्षा लेबले छोटी करावीत.

कोणी काय घ्यावे

फक्त आयओएसचे नेटिव्ह अ‍ॅप असेल तर टॅबला यंत्रणेचाच फॉन्ट ठेवा आणि आपला फॉन्ट शीर्षके व मजकुरासाठी वापरा. १० पॉइंटला वेगळेपणा फारसा दिसत नाही. अँड्रॉइड नेटिव्हवर, विशेषतः कम्पोझमध्ये, बिनधास्त बदला. फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये मराठी लेबले असतील तर रेखाटलेलीच पट्टी घ्या. केवळ फॉन्टसाठी नेटिव्ह पट्टीच्या लायब्ररीकडे वळू नका.

मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर अ‍ॅपची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली हवी. काही फॉन्टांत ही रूपे असतात, पण भाषेची खूण मिळाल्यावरच लागतात. लेबले कोडमध्ये थेट मराठीत लिहिली आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी राहिली तर हिंदी वळण दिसते.

चाचणी ३६० डीपी रुंदीवर करा. पाच टॅब असतील तर प्रत्येकाला ७२ डीपी मिळतात. ‘मुख्यपृष्ठ’, ‘नोंदी’, ‘सर्व्हे’, ‘शोधा’ ही लेबले लावा, मजकूर सर्वांत मोठा करा (अँड्रॉइड १४ वर तो २०० टक्क्यांपर्यंत जातो), फोन आडवा करा आणि उभ्या-आडव्या दोन्ही स्थितींत प्रत्येक टॅब निवडून पाहा.