टीजचं गणित: एक अ‍ॅप, एक वही आणि दुधाचा रिकामा कॅन, पाच महिन्यांनंतर

न्यू जर्सीत नर्सिंगला प्रवेश घ्यायचा म्हणून ऑक्टोबरमध्ये टीज या प्रवेश परीक्षेच्या गणिताचा अभ्यास सुरू केला. दहावी मराठी माध्यमातून, पुढे बी.कॉम., आणि मध्ये बारा वर्षं गणिताला हात नाही. पहिल्या सराव परीक्षेत 38 पैकी 21 बरोबर आले. मार्चमध्ये प्रत्यक्ष परीक्षा दिली, गणितात 80 टक्क्यांच्या पुढे गेले. मधल्या पाच महिन्यांत काय कामाला आलं आणि कशावर पैसे वाया गेले, ते सांगते.

आधी परीक्षेचा हिशेब. टीजच्या सातव्या आवृत्तीत (2022 पासून) गणिताचे 38 प्रश्न आणि 57 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला बरोबर दीड मिनिट. त्यातले 4 प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही, त्यामुळे सगळेच मनापासून सोडवायचे. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच मिळतो, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारापुरता. स्वतःचा नेता येत नाही.

सुरुवातीला मी पैसे भरून एक अ‍ॅप घेतलं. नाव देत नाही. दोन महिने रोज वापरलं, म्हणून ठामपणे सांगते: घेऊ नका असं. त्यात नुसते चार पर्यायांचे प्रश्न होते. खऱ्या परीक्षेत रिकाम्या जागी आकडा लिहायचा असतो, एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायची असतात, क्रम लावायचा असतो. चार पर्याय समोर असले की उलटं जाऊन उत्तर ताडून बघता येतं, आणि ती सवय मला चांगलीच नडली. 150 पौंडांचे किलो काढताना मी 68 वरच थांबायचे, कारण पर्यायात तेवढंच असायचं. एक दशांश स्थळापर्यंत लिहा म्हटलं की 68.2 हवं, हे माझ्या हाताला वळणच नव्हतं. वर्गणी बंद करायला विसरले, तर तिसऱ्या महिन्याचे पैसेही कापले गेले. अ‍ॅप घेण्याआधी एवढंच बघा की प्रश्न सातव्या आवृत्तीच्या धर्तीचे आहेत का.

अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर यांचा पाया पक्का केला खान अकॅडमीवर. फुकट आहे. टीजसाठी म्हणून बनवलेलं नाही, पण सातवी-आठवीचं गणित पुन्हा उभं करायला मला तेवढं पुरलं.

मराठी माध्यमाचा मला तोटा होईल असं वाटलं होतं. झाला तो फक्त शब्दांचा: मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड, एवढं दोन दिवसांत बसलं. फायदा मात्र मोठा झाला. ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ वाचून कितीतरी जण 5 − x लिहितात, कारण इंग्रजीत 5 आधी येतो. मी मनात म्हणायचे, ‘क्षपेक्षा 5 ने कमी’, आणि पेन आपोआप x − 5 लिहायचं. आजीने पाठ करून घेतलेली पाऊणकी आणि सवायकीही धावून आली. पाऊण म्हणजे 0.75 आणि सव्वा म्हणजे 1.25 हे मला कधी मोजावं लागलं नाही.

एक जागा मात्र जपायची. शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ जसंच्या तसं लावलं तर 10 − 3 + 2 मध्ये बेरीज आधी होते आणि उत्तर 5 येतं. बरोबर उत्तर 9. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडे. घरातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर 2 + 3 × 4 दाबलं तर त्याने 20 दाखवलं, उत्तर आहे 14. क्रम आपणच सांभाळायचा, यंत्रावर सोडायचा नाही.

खरी अडचण मापांची. लिटर आणि किलोत वाढलेल्या माणसाला पाइंट आणि क्वार्ट डोळ्यांसमोरच येत नाहीत. तक्ता तीनदा पाठ केला, तीनदा विसरले. शेवटी एका रविवारी दुधाचा रिकामा एक गॅलनचा कॅन सिंकमध्ये ठेवला आणि मापाच्या कपाने पाणी ओतत गेले. दोन कपांना एक पाइंट, चारला क्वार्ट. कॅन काठोकाठ भरला तेव्हा 16 कप झाले होते. मुलगा शेजारी उभा राहून मोठ्याने मोजत होता. त्यानंतर ते माप कधी चुकलं नाही.

इमारतीत राहणाऱ्या एक ताई रुग्णालयात नर्स आहेत. त्यांनी माझी वही चाळली आणि ‘.5’ लिहिलेलं होतं त्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, ‘‘आधी शून्य लिही. टिंब दिसलं नाही तर कुणीतरी पाच वाचेल, आणि डोस दहापट जाईल.’’ 5.0 सुद्धा लिहायचं नाही, त्याचे 50 होतात. परीक्षेत याला गुण नाहीत. तरी त्या दिवसापासून मी प्रत्येक ठिकाणी 0.5 लिहिते, किराणाच्या यादीतसुद्धा.

परीक्षेच्या दिवशी वेळ सुरू झाल्यावर कच्च्या कागदावर सगळ्यात आधी मापांची ती उतरंड काढली: 1 गॅलन, 4 क्वार्ट, 8 पाइंट, 16 कप, 128 औंस. खाली किलोचे 2.2 पौंड आणि इंचाचे 2.54 सेंटिमीटर. अर्धं मिनिटही गेलं नाही. मग पहिला प्रश्न वाचला.