नडगीतला रॉड: गुडघ्यावर बसून काम करणाऱ्याचा रिव्ह्यू

मी फरशीवाला. दिवसभर गुडघ्यावर बसून टाइल ठोकायच्या, त्यामुळे पायात घातलेल्या टायटेनियमच्या रॉडची परीक्षा माझ्याइतकी कडक कोण घेणार?

पाय मोडायचं कारण नेहमीचंच. दुचाकी, आणि बाजूने घुसलेली गाडी. गाडीचा बंपर नेमका नडगीच्या उंचीला येतो. तिथे पुढच्या बाजूला मांस नाहीच, कातडीखाली थेट हाड. म्हणून नडगीचं हाड बरेचदा कातडी फाडून बाहेर येतं, आणि मग जंतुसंसर्गाची भीती वाढते, जुळायलाही उशीर लागतो. माझं आतल्या आत मोडलं होतं. जखम उघडी असेल तर माझ्या अनुभवावर जाऊ नका.

रॉड गुडघ्याच्या वाटीखालून हाडाच्या पोकळीत उतरवतात आणि दोन्ही टोकांना आडवे स्क्रू मारतात, म्हणजे पाय पिळला जात नाही की आखूड होत नाही. शेजारचं बारीक हाडही मोडलं होतं, त्याला हात लावला नाही. बहुतेक वेळा गरज नसते म्हणे. हाडाच्या पोकळीत असा खिळा घालायची पद्धत रूढ केली ती जर्मन सर्जन गेरहार्ड क्युंचर यांनी. 1939 मध्ये त्यांनी मांडीच्या हाडापासून सुरुवात केली. त्याआधी मांडी मोडली की पायाला वजनं लटकवून आठवडेच्या आठवडे पडून राहायचं.

रॉडचा खरा फायदा इथेच आहे. मांडीपर्यंतच्या प्लास्टरमध्ये गुडघा आणि घोटा दोन्ही आखडतात. रॉडवाल्याला लवकर उठवतात. मला सुरुवातीला अर्धाच भार टाकायला सांगितला होता. तो किती, हे कळावं म्हणून मी मोडका पाय वजनकाट्यावर ठेवायचो, वॉकर धरून हळूहळू दाबायचो आणि काटा कुठे जातो ते बघायचो. दोन दिवसांत अंदाज बसला.

पण हाड रॉड जुळवत नाही, ते आपलं आपणच जुळतं. साधारण 4 ते 6 महिने धरा. एक्स-रेमध्ये चारपैकी निदान तीन बाजू सांधलेल्या दिसल्या की जुळलं समजतात. माझं रेंगाळलं, तेव्हा एका टोकाचे स्क्रू काढले, म्हणजे चालताना मोडलेली टोकं एकमेकांवर दाबली जातात. त्यानंतर गाडी पुढे सरकली. बिडी-सिगारेटवाल्यांचं तर हमखास लांबतं, तेव्हा निदान तेवढे महिने तरी सोडा.

आता तक्रार. गुडघा टेकला की वाटीखाली, रॉड घातला त्याच जागी, कळ येते. हा या रॉडचा सगळ्यात नेहमीचा त्रास, आणि ऑपरेशनआधी तुम्ही काम काय करता हे मला कुणी विचारलं नाही. जेलचे नी-पॅड आणले, पण दाब त्याच जागी येतो, काही उपयोग नाही. रॉड वाटीच्या वरच्या बाजूनेही घालता येतो. त्याने दुखणं टळेलच असं नाही, पण गुडघ्यावर बसायचं काम असेल तर आधीच विचारा.

चालायला पाचपैकी पाच. जिना उतरायला चार. गुडघ्यावर बसायला दोन, तेही आता बुटक्या चाकाच्या स्टुलावर बसून काम करतो म्हणून.

रॉड काढणार का, असं सगळे विचारतात. काढल्यावर गुडघा दुखायचा थांबेलच याची खात्री नाही, म्हणून राहू देतोय. घोट्याजवळच्या एका स्क्रूचं डोकं मात्र बुटाला घासतं, तेवढा काढून घेणार आहे.