आयसेनिया की आफ्रिकन? निफाडकडच्या द्राक्षबागेसाठी

गांडूळखताचा बेड टाकायचं ठरलं की कल्चर, म्हणजे बेडमध्ये सोडायची गांडुळं, कुठलं आणायचं, इथं गाडी अडते. आपल्याकडे मुख्यतः दोन चालतात. एक आयसेनिया फेटिडा, म्हणजे लहान लाल गांडूळ. दुसरं युड्रिलस युजेनी, ज्याला सगळे आफ्रिकनच म्हणतात. मी दोन्ही पाळली, शेजारशेजारच्या बेडमध्ये, एकाच गोठ्याच्या शेणावर.

वेगात आफ्रिकन पुढे, हे मान्य करायला हवं. अंगानं मोठं, खाणंही तसंच. पावसाळ्यात बघता बघता वरचा थर चहापत्तीसारखा होतो, आणि खत चाळताना गांडूळ पटकन हाती लागतं.

माझं मन फिरलं ते थंडीमुळे. निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली जातो. गांडुळाला अंगची ऊब नसते, बेड गार पडला की तेही गार पडतं. आफ्रिकन मूळचं पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण भागातलं. त्याला २५ ते ३० अंश मानवतात, १२ च्या खाली त्याचं काही खरं नसतं. गोणपाट टाका, पाचट पसरा, तरी माझ्याकडे ते बेडच्या मधोमध गोळा होऊन बसायचं आणि कडेचं शेण जसंच्या तसं राहायचं. आता हिशेब बघा: एप्रिलच्या खरड छाटणीला बोदात, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंचवट्यात, खत हवं, तर बेडनं डिसेंबर-जानेवारीत काम करायला हवं. नेमकं तेव्हाच काम थांबतं. आयसेनिया युरोपातलं. थंडीत तेही मंदावतं, पण खाणं सोडत नाही. माझ्या अनुभवात छाटणीला खत वेळेवर मिळालं ते याच बेडमधून.

कल्चर बरेचदा मिश्र येतं, म्हणून घेताना ओळख हवी. वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावरचा फुगीर पट्टा बघा. आफ्रिकनचा तोंडाजवळ, साधारण १४ ते १८ व्या वलयावर असतो. आयसेनियाचा बराच मागे, २५ ते ३२ च्या आसपास. शिवाय आयसेनियाच्या दोन वलयांमध्ये, विशेषतः शेपटीकडे, पिवळसर रेघा दिसतात आणि जोरात दाबलं तर उग्र वासाचा पिवळा द्रव सुटतो. आफ्रिकनच्या अंगावर उजेडात निळसर झाक असते.

बाकी ओलावा, सावली, गरमी गेलेलं शेण दोघांनाही सारखंच लागतं. दोन्ही कुजत्या पाल्याच्या वरच्या थरात राहणारी, त्यामुळे बागेच्या मातीत सोडून उपयोग नाही.

ज्यांना खत फक्त ऑक्टोबर छाटणीपुरतं हवंय, किंवा ज्यांची शेड चांगली बंदिस्त आहे, त्यांनी आफ्रिकन घ्यायला माझी हरकत नाही. दोन्ही छाटण्यांना खत लागत असेल तर मी आयसेनियाच सुचवेन. ते दिवाळीच्या आधी आणा, म्हणजे थंडी पडेपर्यंत रुळतं. किलोवर घेताना निव्वळ मोठी गांडुळं मागू नका. लिंबासारख्या घाटाचे बारीक कोष, म्हणजे गांडुळाच्या अंड्यांच्या पिशव्या, असलेलं जुनं खतही सोबत मागून घ्या, एकेका कोषातून बहुतेक वेळा एकाहून जास्त पिल्लं निघतात.